पात्रता परीक्षा आणि माझी झोप

९ ऑक्टोबर, गुरुवार. नांदेडला घराजवळच्या मेडिकलच्या दुकानात एकशे चाळीस रुपये देऊन मी झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी घेतली. हजर होते दुकानदार, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मी. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. मुख्याध्यापकांची दुकानदाराशी ओळख होती, तेवढ्यावर काम झालं.

"अर्धीच घ्या, सर. माझ्या साडूला लई गुण आला," मुख्याध्यापक म्हणाले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा लोह्याच्या पुढे, एका लहान गावात. शिक्षक दोन, वर्ग चार. पहिली-दुसरी मुख्याध्यापक घेतात, तिसरी-चौथी मी. घर नांदेडला, म्हणून रोज मोटारसायकलनं जाणं-येणं. घराचं कर्ज फिटायला अजून सहा वर्षं आहेत आणि मुलगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

सप्टेंबरात न्यायालयाचा निकाल आला. आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा पास झालं पाहिजे, मुदत दोन वर्षं, नाही झालं तर नोकरी संपली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ राहिला, तेवढे सुटले. मुख्याध्यापक सुटले, मी सापडलो. खरं म्हणजे आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलेले.

आमच्या भागात माझ्या वयाच्या माणसाला जन्मतारीख विचारा, बहुतेक जण एक जून सांगतील. शाळा जूनमध्ये उघडायची, आईबापाला तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी अंदाजानं एक जून टाकायचे. वर्षही अंदाजानंच. मला शाळेत घालायला चुलते आले होते. ते व्यवहाराला हुशार. "दोन साल कमी लिवा, गुरुजी. पोरगं नोकरीला लागलंच तर दोन साल जास्त पगार घेईल," असं ते म्हणाले आणि गुरुजींनी तसं लिहिलं. आई सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात तू चालत होतास, खडी फोडायच्या कामावर सुकडी खायला माझ्या मागं यायचास. कागदावर मी त्र्याहत्तरचा आहे. तारीख आता बदलत नाही. बदलायची म्हटलं तर इतकी वर्षं खोटी तारीख चालवली हे स्वतःच लिहून द्यावं लागेल. चुलत्यांनी भल्यासाठीच केलं होतं. त्यांना काय माहीत, त्या दोन वर्षांपायी पुतण्याला उतारवयात पेपरला बसावं लागेल म्हणून.

मुलांना मी नोकरीभर एकच सांगत आलो होतो, की पहाटे उठून वाचलेलं डोक्यात राहतं. तेच स्वतःला लावलं. तीनचा गजर लावला. पहिला आठवडा बरा गेला. मग गजराच्या आधीच जाग यायला लागली, आधी दोनला, मग एकला. पुढं तर गजर ऐकू येणार नाही या भीतीनं डोळाच लागेना. पडल्या पडल्या हिशेब सुरू. नोकरी गेली तर निवृत्तिवेतन किती बसेल, त्यातून हप्ता किती जाईल, मुलीची फी कुठून भरायची. हिशेब दर वेळी तिथंच येऊन थांबायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून करायचो, जणू काही या वेळी उत्तर वेगळं येणार होतं. मग झोप येईना याचीच काळजी. आता चार तास मिळतील, आता तीनच, असं घड्याळाकडं बघून वजाबाकी करत पडायचं.

"अहो, तुम्ही झोपता का पहारा देता?" बायको म्हणाली.

दिवसा सहा-सहा कप चहा व्हायला लागला. रविवारी दुपारी उरलेली झोप काढू म्हणून पडायचो, तीही यायची नाही. वाचलेलं पान संपल्यावर वर काय होतं ते आठवायचं नाही. गणिताची मला भीती नव्हती. मराठी, परिसर अभ्यासही जमले असते. पण बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न आणि इंग्रजीचे तीस. मुलं कशी शिकतात हे मी रोज बघतो. पण ते पुस्तकात ज्या शब्दांत लिहिलंय, ते शब्द माझ्या ओळखीचे नव्हते.

गोळीनं झोप लागली, नाही असं नाही. दगडासारखी लागली. अर्धीची पुढं एक झाली. पण सकाळी डोकं जड, आणि ते जडपण दुपारपर्यंत उतरायचं नाही. मोटारसायकलवर दोन वेळा मी रस्त्याच्या कडेला थांबून तोंडावर पाणी मारलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यात ते झालं. दुपारची खिचडी झाली होती. चौथीला भागाकार शिकवत होतो. फळ्यावर अर्धा सोडवला, मुलांना म्हटलं पुढचा तुम्ही करा, आणि खुर्चीत बसलो. जाग आली तेव्हा वर्गात अजिबात आवाज नव्हता. पोरं हाताची घडी घालून बसली होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "तुमी दमलात म्हून आमी कालवा केला न्हाई, गुरुजी."

किती वेळ झोपलो ते मी तिला विचारलं नाही.

संध्याकाळी घरी पोचायच्या आतच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो आला होता. मान खाली, तोंड थोडं उघडं, मागं फळ्यावर तो अर्धा भागाकार. फोटोखाली लिहिलं होतं, 'आमी पास होऊन घरी बसलोत, हे पास न होताच शाळेत झोपलेत.' फोटो खिडकीतून काढलेला होता.

काढणारा कोण ते लिहिण्यावरूनच कळलं. गावातला एक तरुण, तिशीला टेकलेला. डी.एड. झालेला आणि ज्या परीक्षेसाठी माझी झोप गेली, ती परीक्षा तीन वर्षांपूर्वीच पास झालेला. भरतीची वाट बघत होता. तोवर आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचा आणि मधूनमधून पोलिस भरतीसाठी पळायचा. त्याचा पुतण्या माझ्या वर्गात होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसली. अध्यक्ष एक बाई होत्या, दुधाचा धंदा करणाऱ्या. मुख्याध्यापक, दोन सदस्य, तो तरुण आणि मी. मुख्याध्यापकांनी आधीच मला बाजूला घेऊन सुचवलं होतं की परीक्षा होईपर्यंत त्याच पोराला महिन्याला काहीतरी देऊन तुमच्या जागी वर्गावर उभं करा, त्याचंही तोंड बंद होईल. मी नाही म्हणालो. पगार मी उचलायचा आणि वर्गात दुसऱ्यानं उभं राहायचं, हे मला मान्य नव्हतं.

बैठकीत तो तरुण उभा राहूनच बोलला. "मी लोह्याला शिक्षण हापिसात अर्ज देणार हाय. फोटो हाय माझ्याकडं. पोरांचं नुकसान होऊन राहिलं."

"दे की," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण गुरुजीला आधी इचार, का झोपले."

मी सांगितलं. निकाल, परीक्षा, गोळी, सगळं. सांगताना मला लाज वाटली. सदस्यांतला एक जण हसला. "गुरुजीलाबी परीक्षेचं भ्या वाटतं म्हना की. आमच्या पोरांला तर तुमी छडी दाखवून बसवता."

"छडी बंद होऊन लई साल झाले," मुख्याध्यापक म्हणाले.

अध्यक्षबाईंनी त्या तरुणाकडं पाहिलं. "तुला किती मार्क पडले होते रं?"

"एकशे अकरा. दीडशेपैकी."

"अन् लागतेत किती?"

"नव्वद."

"मग शिकीव की गुरुजीला. तुझ्याकडं जास्तीचे हायेत." सगळे हसले, तो सोडून. बाई पुढं म्हणाल्या, "फुकट न्हाई म्हनत मी. गुरुजीला पगार हाय. तासाला शंभर घे. अन् गुरुजी, तुमी आधी डॉक्टर गाठा. माझी म्हैस उभ्यानं झोपती, पन तिला कुनी फोटोत घालत न्हाई."

तो पायऱ्या उतरून गेला. मला वाटलं, आता हा सरळ लोह्याला जाईल. पण मी मोटारसायकल काढली तेव्हा तो फाटकाजवळ उभा होता. खाली बघत म्हणाला, "विष्णुपुरीला जा, सरकारी दवाखान्यात. मनाचे डॉक्टर असतेत तिथं. लाजू नका. मी गेलतो मागं. दोन साल झोप नव्हती मला." आणि मी काही विचारायच्या आत निघून गेला.

मी विष्णुपुरीला गेलो. रांगेत बसलो असताना ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून वर्तमानपत्र उघडून धरलं होतं. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोळी एकदम बंद करू नका, पंधरा दिवसांत कमी करत आणा, म्हणाल्या आणि कशी ते लिहून दिलं. तीनचा गजर बंद. रात्री झोप किती वाजता का लागेना, उठायचं साडेपाचलाच, रविवारीसुद्धा. दुपारी चारनंतर चहा नाही. पुस्तक पलंगावर न्यायचं नाही. झोप येत नसली तर तिथं लोळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवा.

"पण मॅडम, मग वेळ किती झाली ते कसं कळणार?"

"कळून काय करणार आहात?"

मी घड्याळ काढायचं कबूल केलं.

शेवटी त्या म्हणाल्या, काळजी करायची एक वेळ ठरवा. संध्याकाळी अर्धा तास. खुर्चीत बसायचं, जी काळजी करायची ती तेव्हा पोटभर करायची. रात्री आली तर तिला सांगायचं, उद्याच्या वेळेला ये. मला हे पोरकट वाटलं. पण लिहून घेतलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. साडेसातची वेळ ठरली. ती हे इतक्या इमानदारीनं पाळायला लागली की भाकरी थापता थापता आतून हाक मारायची, "अहो, साडेसात झाले. काळजीला बसा." आठ वाजले की, "उठा आता, जेवण वाढलंय." एक-दोनदा मी म्हटलं, आज काही विशेष नाही. ती म्हणाली, "बसा तरी. डॉक्टरनी सांगितलंय."

एका दिवसात फरक पडला नाही. पहिला आठवडा तर आधीपेक्षा वाईट गेला. रात्री उठून बाहेरच्या खोलीत बसायचो, थंडी वाजायची, साडेपाचला उठताना रडू यायचं. दिवसा डोळे चुरचुरायचे. वर्गात मी खुर्ची वापरायची बंद केली, ती व्हरांड्यात ठेवून दिली. मग हळूहळू चार तास सलग झोप लागायला लागली. कधी पाच. गोळी सुटली.

शिकवणी बैठकीनंतर तिसऱ्या दिवसापासूनच सुरू झाली होती. तो स्वतःच शाळेत येऊन सांगून गेला, "पाचला विहारात या. तिथं उजेड हाय." गावातल्या बुद्धविहाराच्या ओसरीत मुलं संध्याकाळी अभ्यासाला बसत. त्यांच्या पलीकडच्या कोपऱ्यात आम्ही दोघं. माझ्याच वर्गातली पोरं तोंडावर हात धरून बघायची. शिकवायला तो कडक होता. "गुरुजी, तुमी उत्तर देऊ नका. आधी प्रश्न वाचा. तुमाला सगळं म्हाईत हाय असं वाटून राहिलं, म्हून चुकतं." खरं होतं ते. पुस्तकातला शब्द आला की तो विचारायचा, तुमच्या वर्गात असं पोरगं कोण? मी एखाद्या मुलाचं सांगायचो. मग म्हणायचा, हे त्याचंच नाव समजा. अशा रीतीनं ते तीस प्रश्न माझ्या आवाक्यात आले. इंग्रजी मात्र नाही आलं.

एकदा मुलं घरी गेल्यावर त्यानं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "एक बोलू का? तुमी पास झालात तर तुमची जागा तुमच्याकडंच ऱ्हाती. तुमच्यासारखे नापास झाले तर जागा निघतेत. अन् मीच बसून तुमाला शिकवून राहिलो."

"मग का शिकवतोस?"

"अध्यक्षबाईनं सांगितलं म्हून," तो म्हणाला. पुस्तक पिशवीत घालत पुढं म्हणाला, "अन् फोटो टाकला त्या रातीला मलाबी झोप आली न्हाई."

त्या दिवशी साडेसातच्या अर्ध्या तासात मी माझी काळजी केली नाही. माझी जागा आणि त्याची जागा एकच आहे, हे मला आधी सुचलं नव्हतं. त्यावर विचार करून काही निष्पन्न झालं नाही. आठ वाजले तरी मी उठलो नाही, आणि त्या रात्री बाहेरच्या खोलीत बराच वेळ बसलो.

परीक्षेचं केंद्र मी अर्ज भरतानाच लातूर टाकलं होतं. नांदेडला टाकलं असतं तर पर्यवेक्षक ओळखीचा निघाला असता, एखादा जुना विद्यार्थी शेजारच्या बाकावर आला असता. आदल्या दिवशीच लातूरला गेलो. एका आडत व्यापाऱ्याच्या घरी वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांच्या खोल्या होत्या. त्यातली एक चार दिवस रिकामी होती, ती एका रात्रीसाठी मिळाली. घरमालकीणबाई कपाळाला विभूती लावलेल्या, शांत. पाण्याचा तांब्या ठेवताना म्हणाल्या, "परीक्षा मुलाची का मुलीची?"

"माझी."

त्या म्हणाल्या, "मग सकाळी चहा लवकर पाठवते."

शेजारच्या सगळ्या खोल्यांत मेडिकलच्या प्रवेशासाठी आलेली मुलं. दाराखालून उजेड येत होता. कुणीतरी येरझाऱ्या घालत पाठ करत होतं. मला झोप आली नाही. पण डॉक्टरांनी हेही सांगून ठेवलं होतं की परीक्षेच्या आदल्या रात्री येणार नाही कदाचित, त्याला भिऊ नका, एका रात्रीनं माणूस नापास होत नाही. मी मोबाईल पालथा ठेवला आणि किती वाजले ते बघितलं नाही. जिन्यात जाऊन बसलो, परत आलो. पहाटे कधीतरी डोळा लागला असावा, कारण चहा घेऊन आलेल्या बाईंनी दार वाजवलं तेव्हा मी दचकलो.

केंद्राच्या फाटकावर गेलो तर पहिला दिसला तो उमरीचा एक शिक्षक, माझ्याच वयाचा. मग लोह्याचे तिघं. मग नांदेडचे किती तरी. सगळे तोंड फिरवून उभे.

"तुमीबी लातूर टाकलं का, सर?" उमरीचे गुरुजी म्हणाले.

"हाव. ओळखीचं कुणी नको म्हणून."

"मीबी त्याच्यापायीच. निम्मी जिल्हा परिषद हितंच आली की मग." मग आम्ही हसलो. त्यांच्या डोळ्यांखाली काळं होतं. मी विचारलं, झोप येते का? ते म्हणाले, "न्हाई. दोन महिने झाले. तुमाला?" मी त्यांना घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. एवढंच सांगण्याइतका वेळ होता.

पेपर अडीच तासांचा. मी पेंगलो नाही. बालमानसशास्त्र चांगलं गेलं, एकेका प्रश्नात माझ्या वर्गातली मुलं दिसत होती. गणित सगळं बरोबर असावं. इंग्रजीचा उतारा दोनदा वाचला आणि अंदाजानं उत्तरं रंगवली.

निकाल संक्रांतीनंतर लागला. शहाऐंशी. चार कमी. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "अजून मुदत आहे ना?" मुदत आहे. त्या रात्री आणि पुढच्या तीन-चार रात्री झोप पुन्हा गेली. मी साडेपाचलाच उठत राहिलो. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

शिकवणीचे पैसे द्यायचे राहिले होते. दर शनिवारी देऊ करायचो, तर तो म्हणायचा निकालावर द्या. निकालानंतरच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याची आई अंगणात तूर पाखडत होती. म्हणाली, "गेला की चाकणला. कंपनीत. ठेकेदाराकडं लागला, आठ दिस झाले."

मी निकाल सांगितला. तिनं सूप खाली ठेवलं. "चार मार्कानं. म्हंजे त्यानं बरूबर शिकिवलं न्हाई का?"

"त्यानं बरोबर शिकवलं. इंग्रजी माझं कच्चं होतं."

"फोन आला की सांगते. रातपाळी हाय त्याला. दिसा झोपतो म्हनला. झोप लागती का न्हाई, काय म्हाईत."

मी पैसे काढले. ती म्हणाली, गुरुजी, तुमी पास न्हाई झालात, मग कशाचे? मी म्हटलं, शिकवलं त्याचे. चाळीस तास झाले होते. तिनं पदराला हात पुसले आणि पुढं केले. चार हजार रुपये, रोख, त्याच्या आईकडे दिले.